झोपेचा मान

आषाढी एकादशीच्या रात्री पंढरपूर झोपत नाही. आळंदीहून निघालेला वारकरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पायी चालून आलेला असतो. दिवसभर त्याचा उपास असतो आणि रात्री तो कीर्तनात तरी बसलेला असतो, नाहीतर चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ घेऊन उभा असतो. चालणं, खाणं आणि झोपणं, देहाचे हे तिन्ही व्यवहार एकाच दिवशी विठ्ठलाच्या पायाशी वाहायचे, असा हा बेत आहे. द्वादशीला पारणं सुटतं आणि त्याबरोबर जागरही सुटतो. एकादशी पंधरवड्यातून एकदा येते. कोजागिरी आणि महाशिवरात्र तर वर्षातून एकदाच. जागरणाला पुण्य मानणाऱ्या परंपरेनं त्या पुण्यालाही कॅलेंडरात जागा ठरवून दिली होती.

आजच्या प्रौढ माणसाचं जागरण मात्र रोजचं आहे आणि त्याला ना देव लागतो ना तिथी. कामाचा शेवटचा मेल, हातातला मोबाइल, लांबचा प्रवास, दुसऱ्या देशाच्या घड्याळाप्रमाणे चालणारी पाळी, लहान मूल, आजारी म्हातारं माणूस अशी त्याची कारणं. सकाळी गजर होतो तेव्हा झोपेचे पाच-साडेपाच तासच झालेले असतात. फिरायला जायचं ठरलेलं असतं, पण अंग उठत नाही. दुपारपर्यंत आहारतज्ज्ञानं लिहून दिलेला तक्ता पाळला जातो आणि संध्याकाळी ऑफिसच्या खाली वडापावच्या गाडीपाशी पाय आपोआप थांबतात. रात्री तो माणूस स्वतःलाच दोष देतो, की आपल्यात निग्रहच नाही.

इथे एक जुना धार्मिक प्रश्न नव्यानं उभा राहतो. भूक आवरत नाही आणि पाय उचलत नाहीत, यात दोष मनाचा किती आणि न झोपलेल्या देहाचा किती? ज्या धर्मपरंपरांनी संयम शिकवला, त्यांनी झोपेला संयमाची शत्रू मानलं की सोबतीण?

झोपेकडे संशयानं पाहण्याची परंपरा भारतात फार खोलवर गेलेली आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. जैन कर्मसिद्धांतात झोपेची गणना थेट कर्मबंधात होते. दर्शनाला झाकणाऱ्या कर्मांच्या नऊ प्रकारांपैकी पाच झोपेचे आहेत. सहज जाग येणाऱ्या हलक्या झोपेपासून झोपेतच उठून कामं करून टाकणाऱ्या अवस्थेपर्यंत त्यांची प्रतवारी लावलेली आहे. आचारांग सूत्रात महावीरांच्या साधनेचं जे वर्णन येतं, त्यात ते सुखासाठी झोप घेत नाहीत. डोळा लागू लागला की रात्रीच बाहेर पडून थोडा वेळ चालतात आणि पुन्हा ध्यानाला बसतात. पतंजलींनी निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींत बसवलं, म्हणजे जिचा निरोध करायचा तीही त्यातलीच एक. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात झोपेवर एक अख्खा समास खर्ची घातला आणि झोपेच्या आहारी गेलेल्या माणसांचं बारीकसारीक वर्णन केलं.

ही माणसं देहाला तुच्छ मानत होती, असा निष्कर्ष घाईनं काढला जातो. तो बरोबर नाही. ज्या समर्थांनी आळसावर कोरडे ओढले, त्यांनीच गावोगाव मारुती स्थापले आणि बलोपासनेला धर्मात मानाचं स्थान दिलं. त्यांचा राग होता तो दिवसाढवळ्या आयुष्य झोपून काढण्यावर.

बुद्धाच्या शिकवणीत हा तोल जास्त स्पष्ट दिसतो. भिक्षूच्या रोजच्या शिस्तीत इंद्रियांवर पहारा, जेवणातलं प्रमाण आणि जागृतीचा अभ्यास या तीन गोष्टी पाली ग्रंथांत पुन्हा पुन्हा एकत्र येतात. त्यातल्या जागृतीचं वेळापत्रकही दिलेलं आहे. दिवसा आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात चालत आणि बसत साधना करायची, मधल्या प्रहरात उजव्या कुशीवर झोपायचं आणि शेवटच्या प्रहरात उठून पुन्हा चालायचं. रात्रीचे तीन भाग धरले तर झोपेला एकच भाग मिळतो. ही शिस्त कडक आहे, यात वाद नाही. पण ती कोणासाठी होती? दुपारनंतर न जेवणाऱ्या, घरसंसार नसलेल्या भिक्षूसाठी. कचेरी आणि संसार सांभाळणाऱ्या गृहस्थानं त्यातलं फक्त कमी झोपणं उचललं, तर हाती काहीच लागत नाही.

आणि खुद्द भिक्षूंमध्येही अतिरेक झाला तेव्हा बुद्धानं तो थांबवला. सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट प्रसिद्ध आहे. श्रीमंत घरात, लाडात वाढलेला हा तरुण राजगृहाजवळच्या सीतवनात चालत ध्यान करू लागला. इतका चालला, की पायांतून रक्त येऊ लागलं. एवढं करूनही काही साधत नाही म्हणून घरी परतावं, असं त्याच्या मनात आलं. बुद्धानं त्याला त्याच्याच जुन्या छंदातून समजावलं. वीणेच्या तारा फार ताणल्या तर वाजत नाहीत आणि ढिल्या सोडल्या तरी वाजत नाहीत, हे त्या वीणावादकाला वेगळं सांगावं लागलं नाही.

कोसल देशाचा राजा पसेनदी याचं दुखणं उलटं होतं. तो पोट फुटेस्तोवर जेवायचा आणि धापा टाकत बुद्धाच्या भेटीला यायचा. मोजून जेवणाऱ्याचं दुखणं हलकं होतं आणि आयुष्य टिकतं, अशा अर्थाची एक गाथा बुद्धानं म्हटली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्याबद्दल त्याला शंभर कार्षापणांचं वेतन बांधून दिलं. हळूहळू राजाचा भात एका मापावर आला, अंग हलकं झालं. या कथेत एक महत्त्वाची गोष्ट आहे. राजानं केवळ इच्छाशक्तीवर विसंबून राहण्याऐवजी ताटावर बसण्याच्या घडीला आठवण करून देणारी व्यवस्था उभी केली. संयमाला आधार लागतो, हे त्यानं ओळखलं.

मराठीत हा आधार सर्वांत नेमकेपणानं सांगितला तो ज्ञानेश्वरांनी. गीतेच्या सहाव्या अध्यायातले सोळावा आणि सतरावा हे दोन श्लोक आहार, विहार, कर्म, झोप आणि जागेपण यांना एका माळेत ओवतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही तसा सदा जागणाऱ्यालाही नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला या श्लोकांवर निरूपण करताना ज्ञानेश्वर दोन्ही टोकांच्या माणसांची चित्रं काढतात. एक जिभेचा गुलाम झालेला, झोपेला जीव विकून बसलेला. दुसरा हट्टाला पेटून भूक-तहान कोंडणारा, झोपेच्या वाटेला न जाण्याच्या अभिमानात नाचणारा. या दुसऱ्याबद्दल ते जे म्हणतात त्याचा आशय असा, की ज्याचं शरीरच त्याच्या ताब्यात उरलेलं नाही, त्याचा योग कुठून साधणार?

मग ते उपाय सांगतात. अन्न मापानं घ्यावं, बोलणं मोजकं असावं, चालावं तेही बेताच्या पावलांनी, आणि वेळ झाली की झोपेचाही मान राखावा. एवढ्यावर ते थांबत नाहीत. जागणंसुद्धा बेतानंच असावं, म्हणजे शरीरातल्या धातूंचं साम्य टिकतं, असं ते जोडतात. झोपेचा मान राखायचा, ही भाषा वेगळी आहे. तिथे झोप ही दुबळेपणाला दिलेली सवलत राहत नाही. दारी आलेल्या अतिथीचा हक्क तिला मिळतो. सातशे वर्षांपूर्वी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी एका मुलानं हे सांगितलं आणि ते आजही दवाखान्याच्या भिंतीवर लावावं इतकं खरं आहे.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना चित्ताच्या एकाग्रतेला मदत करणारी गोष्ट म्हणून विनोबांनी जीवनाची परिमितता सांगितली. मन एकाग्र होत नाही अशी तक्रार करणाऱ्यानं आधी आपलं खाणं, झोपणं, बोलणं मापात आहे का ते पाहावं, असा त्यांचा रोख होता. पुढे भूदानासाठी देशभर वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत, म्हणून त्यांना वजन आहे.

आयुर्वेदाकडे वळल्यावर एक गंभीर पेच सापडतो. चरकसंहितेनं आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना देह धरून ठेवणारे तीन उपस्तंभ म्हटलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण चरकानं झोपेची चर्चा कुठे केली, ते पाहण्यासारखं आहे. ती येते सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आणि तो अध्याय मुख्यतः अति स्थूल आणि अति कृश शरीरांबद्दलचा आहे. लठ्ठपणाचा विचार करताना झोपेचा विचार टाळता येत नाही, हे त्या काळच्या वैद्यांनी हेरलं होतं. मात्र त्याच अध्यायात स्थूल माणसानं जागरण आणि व्यायाम क्रमाक्रमानं वाढवावेत, असाही सल्ला आहे. फार झोपल्यानं माणूस फुगतो, तेव्हा जागल्यानं तो आटेल, असा त्यामागचा तर्क.

हा तर्क आज टिकत नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या दहा प्रौढांना दोन-दोन आठवडे कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. एका खेपेला रात्री साडेआठ तास झोपायची मुभा, दुसऱ्या खेपेला साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं. पण पुरेशा झोपेत सरासरी १.४ किलो चरबी गेली, अपुऱ्या झोपेत ०.६ किलो. उरलेली घट चरबीऐवजी स्नायूंसारख्या ऊतींतून झाली. उपास तोच, ताट तेच, फळ निराळं. जागून आणि उपाशी राहून देह आटतो खरा, पण जे राखायला हवं तेच आटतं. परंपरेवर प्रेम असणाऱ्यानं हे स्वच्छपणे सांगायला हवं. चरकानं प्रश्न योग्य जागी विचारला होता, त्याच्या उत्तराचा हा एक भाग मात्र चुकला.

भुकेचं काय होतं, तेही याच विद्यापीठात आधी मोजलं गेलं होतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तास आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात राहू दिलं. पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी झोपेनंतर १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. तरुणांनी सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली आणि ओढ होती ती गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची. कोलोरॅडोमधल्या २०१३ च्या अभ्यासात सोळा प्रौढांना पाच रात्री पाच-पाच तासच झोपू दिलं. जास्त जागल्यामुळे त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च साधारण पाच टक्क्यांनी वाढला, म्हणजे भूक लागणं एका अर्थी रास्तच होतं. पण त्यांनी खाल्लं खर्चापेक्षा जास्त, तेही विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर, आणि पाच दिवसांत सरासरी पाऊण किलोहून जास्त वजन वाढलं. त्याच वर्षी बर्कलीच्या अभ्यासात झोप हिरावलेल्या माणसांचे मेंदू तपासले गेले. निर्णय तोलून पाहणारे भाग मंदावलेले आणि अन्नाच्या ओढीशी निगडित खोल भाग चेतलेले दिसले.

हे प्रयोग लहान आहेत. डझनभर माणसांवरून अवघ्या मानवजातीचा हिशेब मांडता येत नाही आणि उपजतच कमी झोपेवर ठणठणीत राहणारी माणसंही असतात, फार थोडी. पण वेगवेगळ्या ठिकाणचे निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत कमी झोपणाऱ्या ८० प्रौढांपैकी ज्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवली गेली, त्यांनी कोणी काही न सांगता इतरांच्या तुलनेत रोज सुमारे २७० कॅलरी कमी खाल्ल्या. त्यांना आहाराचा उपदेश केलेला नव्हता. कोणतंही व्रत दिलेलं नव्हतं.

व्यायामाचंही असंच. चांगला व्यायाम केला की चांगली झोप लागते, हे सगळे सांगतात आणि दीर्घकाळात ते खरंही आहे. पण नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं निद्रानाशाच्या अकरा स्त्रियांना सोळा आठवडे व्यायाम देऊन रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २०१३ मध्ये वेगळंच चित्र समोर आलं. आज व्यायाम केला म्हणून आज रात्री झोप सुधारली, असं दिसलं नाही. आदल्या रात्री झोप बिघडली की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम मात्र आखडत होता. सकाळी फिरायला न जाणाऱ्याचा निर्णय पुष्कळदा आदल्या रात्रीच झालेला असतो.

इथे नीतीचा प्रश्न टोकदार होतो. बहुतेक धर्मांनी खादाडपणाला आणि आळसाला दोष म्हटलं. दोष म्हणायचं तर माणूस त्या क्षणी वेगळं वागू शकत होता, असं धरावं लागतं. पण ज्या घडीला मोह समोर येतो, त्या घडीला मेंदूतला तोलणारा भागच थकलेला असेल तर? मग जबाबदारी संपते का? माझ्या मते संपत नाही, ती मागे सरकते. ताटापुढच्या क्षणावरून ती आदल्या रात्रीच्या दहा वाजण्यावर जाते. संयम म्हणजे मोहाशी समोरासमोर केलेली झुंज, ही समजूत अपुरी आहे. मोह येईल तेव्हा आपण धड असू, अशी तजवीज आधीच करणं हाही संयमच. पसेनदीनं ताटापाशी माणूस उभा केला तो याच समजुतीनं.

ही जाण फक्त भारतापुरती नाही. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीज या ज्यू धर्मशास्त्रकारानं ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत अख्खं प्रकरण आरोग्याला दिलं. पोट पूर्ण भरण्याआधी चतुर्थांश भाग राखून उठावं, जेवणाआधी अंग तापेपर्यंत हालचाल करावी आणि चोवीस तासांचा तिसरा हिस्सा, म्हणजे आठ तास, झोपावं. त्याच्या लेखी शरीर निरोगी राखणं हा ईश्वराच्या मार्गाचाच भाग होता, कारण आजारी माणसाला ईश्वराचं ज्ञान मिळवणं अवघड जातं. इस्लाममध्ये पैगंबर आणि अब्दुल्ला इब्न अम्र यांचा प्रसंग बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. अब्दुल्ला दिवसा रोज रोजा धरत आणि रात्र रात्र नमाजात उभे राहत. पैगंबरांनी त्यांना रोखलं. रोजा धर आणि सोडही, नमाज पढ आणि झोपही, कारण तुझ्या देहाचा, तुझ्या डोळ्यांचा, तुझ्या पत्नीचा तुझ्यावर हक्क आहे, असा त्या सांगण्याचा भाव.

या शेवटच्या शब्दांपाशी थांबायला हवं. तिथे देहाच्या हक्काला लागूनच घरच्या माणसाचा हक्क आला आहे. एकाच्या जागण्याचं ओझं दुसऱ्यावर पडतं.

रामायणाच्या लोकपरंपरेत, विशेषतः तेलुगू बायकांच्या गाण्यांत, ऊर्मिलेच्या झोपेची कथा आहे. वनवासाची चौदा वर्षं लक्ष्मण राम-सीतेच्या पहाऱ्यासाठी जागा राहिला, तेव्हा त्याच्या वाट्याची झोप अयोध्येत ऊर्मिलेनं घेतली. ती चौदा वर्षं झोपून राहिली. दैवी वीराचं जागरणसुद्धा फुकट मिळत नाही, ते कोणीतरी आपल्या आयुष्यातून भरतं, हे त्या गाणाऱ्या बायकांना नीट ठाऊक होतं. आपल्या घरांत हिशेब उलटा आहे. इथे लक्ष्मण झोपतो आणि ऊर्मिला जागते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या डोळे मिटणाऱ्या बाईला वजन कमी करण्याचा आणि योगासनांचा सल्ला देणं सोपं आहे. तिच्या रात्रीचे दीड-दोन तास कोणी घेतले, हे विचारणं अवघड.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून निघालेल्या जोडप्यांची गोष्ट तर आणखी कठीण. कारखान्याची गाडी रात्री केव्हाही येते, तेव्हा उठून मोळ्या चढवाव्या लागतात. बाईला पहाटे भाकऱ्या थापून पुन्हा फडात उतरावं लागतं. त्यांच्या वाट्याला श्रम भरपूर आहेत, पण मापातला विहार नाही, मापातलं अन्न नाही आणि वेळेवरची झोप नाही. गीतेतलं हे मापातलं जगणं पाळायला स्वतःच्या वेळेवर थोडा तरी ताबा लागतो. तो ज्याला नाही, त्याला प्रमाणाचा उपदेश करणं अन्यायाचं आहे. रात्रपाळीनं शरीराचं घड्याळ सतत मोडतं, याची दखल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनंही घेतली आणि २००७ मध्ये अशा कामाला बहुधा कर्करोगकारक ठरवलं. २०१९ मध्ये तोच निर्णय कायम राहिला. झोप ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे म्हणणं यापुढे चालणार नाही.

झोपेच्या क्षेत्रातल्या दोन अमेरिकी संस्थांनी २०१५ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान सात तासांची शिफारस केली. ज्यांच्या हातात आपली रात्र आहे, त्यांनी पुढचा आहाराचा तक्ता आणण्याआधी आणि व्यायामाचा नवा संकल्प करण्याआधी हे सात तास राखून पाहावेत. आणि प्रत्येक वाचकानं आज एवढं जरूर करावं: आपल्या घरात रात्री सर्वांत शेवटी कोण झोपतं आणि सकाळी सर्वांत आधी कोण उठतं, ते पाहावं. दोन्हीचं उत्तर एकच माणूस असेल, तर त्याच्या रात्रीच्या कामांतलं एक आणि सकाळच्या कामांतलं एक उद्यापासून स्वतःकडे घ्यावं.